मावळच्या रानात कुठली बंदूक चालायची, हे ठरवलं कुणी?

पोस्ट लांब आहे. पण विषय आपल्या खाचरातला आहे, तेव्हा सवडीने पूर्ण वाचा.

भात पोटरीत आलं की दरवर्षी तोच विषय निघतो. रात्रीत रानडुकरांचा कळप खाचरात उतरतो, खातो थोडं आणि लोळून, उकरून सगळं आडवं करून जातो. सकाळी बांधावर उभं राहून बघण्यापलीकडे शेतकऱ्याच्या हातात काही नसतं. मग पारावर आणि मोबाइलवर एकच मागणी सुरू होते: "परवाने द्या, डुकरांचं काय करायचं ते आम्ही बघतो." त्याच्या पाठोपाठ जाणकारांची चर्चा. कुणी म्हणतो ३१५ बोअर पुरे, कुणाला थर्टी-ऑट-सिक्सच पाहिजे, कुणी बाराबोअरवर अडून बसतो.

या चर्चेत एक गोष्ट राहून जाते. डोंगराळ रानात मोठ्या जनावरासाठी कुठली रायफल घ्यायची, हे जगभरचा शिकारी जनावर, रान आणि अंतर बघून ठरवतो. आपल्याकडे ते दीडशे वर्षं सरकारने ठरवलं. आणि ठरवताना सरकारची नजर डुकरावर नव्हती, माणसावर होती. आजच्या मागणीचा विचार करायचा तर आधी हा इतिहास माहीत पाहिजे.

पाऊस आणि तोडा

आपल्या मुलखात बंदूक नवीन नाही. शिवकाळात गडागडांवर तोड्याच्या बंदुका होत्या. तोडा म्हणजे धुमसती वात. चाप ओढला की वात दारूवर टेकायची आणि बार उडायचा. पण लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या पावसात वात विझते आणि दारू सादळते. नेमकं पिकाला राखणीची गरज असते तेव्हाच ही बंदूक मुकी व्हायची.

म्हणून मावळातली रानाची राखण बंदुकीवर कधीच उभी नव्हती. ती माणसांवर उभी होती. माळ्यावर रात्रभर जागायचं, डबे वाजवायचे, गोफण फिरवायची, शेकोट्या पेटत्या ठेवायच्या. आणि शिकार करायचीच झाली तर सगळं गाव मिळून. हाकारे रान उठवायचे, पुढे वाघूर लावलेली असायची, कुत्री आणि भाले तयार. वाघूर म्हणजे जनावर अडकवायचं मोठं जाळं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांना रानाच्या वाटा पाठ. जनावर कुठून येणार आणि कुठून निसटणार, हे त्यांना आधीच ठाऊक असायचं.

वाघ तर इथल्या नावांतच बसलाय. पवना धरणाच्या पाण्यातून उन्हाळ्यात डोकं वर काढणारं वाघेश्वराचं देऊळ बघा, तेलबैलाजवळून कोकणात उतरणारा वाघजाई घाट बघा. ज्याची भीती वाटायची त्याला आपण देव केलं.

१८५७ नंतर

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी एक धडा पक्का गिरवला: या देशातल्या माणसाच्या हातात चांगलं हत्यार राहता कामा नये. लगेच निःशस्त्रीकरणाचे कायदे आले. १८७८ साली व्हाइसरॉय लिटनच्या काळात शस्त्र कायदा झाला. त्यानुसार हिंदी माणसाला बंदूक बाळगायला परवाना लागणार होता. युरोपियन माणसाला मात्र सूट, आणि त्याच्यासोबत काही मोजक्या सरदार-मानकऱ्यांना.

दुसऱ्याच वर्षी, १८७९ च्या फेब्रुवारीत, वासुदेव बळवंत फडके यांनी रामोशी साथीदारांसह शिरूर तालुक्यातल्या धामारीवर धाड घातली. मे महिन्यात दौलतराव नाईकांची टोळी घाट उतरून पनवेलजवळच्या पळस्प्यापर्यंत गेली. म्हणजे सह्याद्रीतल्या माणसाच्या हाती बंदूक पडली तर काय होईल, ही सरकारची भीती हवेतली नव्हती. पुण्याच्या आसपासच ती खरी ठरत होती.

त्याआधी १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली होती. मुंबईचा साहेब आता एका दिवसात खंडाळ्याला पोहोचू लागला. त्याच्यासोबत बंदूक असायची आणि परवान्याची अडचण नसायची. त्याच डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या शेतकऱ्याला मात्र डुकराला हाकलायला सरकारी कागद लागायचा. शस्त्र कायदा शिथिल करा, अशी मागणी काँग्रेसने १८८७ च्या मद्रास अधिवेशनातच केली होती. नियमांतला उघड वंशभेद निघायला मात्र पहिलं महायुद्ध संपावं लागलं.

दाराच्या कडीसारखी रायफल

याच काळात युरोपात बंदुकीचं रूप पालटत होतं. पितळी काडतूस आलं आणि पावसाचा प्रश्न बराचसा मिटला. त्यापाठोपाठ बोल्ट-ॲक्शन रायफल आली.

बोल्ट म्हणजे काय, हे समजायला घराच्या दाराची कडी डोळ्यांपुढे आणा. मूठ वर उचलून मागे ओढली की रिकामी पुंगळी बाहेर पडते. पुढे ढकलली की खालच्या पेटीतलं नवं काडतूस नळीत जातं. मूठ खाली पाडली की कडी लागली. जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फच्या पॉल माउझरने १८९८ साली जी रचना पक्की केली, तिच्यात बोल्टच्या तोंडाशी दोन जाड खुंट्या असतात. बाराचा सगळा दाब त्या पेलतात. पुंगळी ओढायला एक लांब, रुंद पोलादी नखी असते. ती काडतुसाची कड आधीच पकडून ठेवते, त्यामुळे गडबडीतही काडतूस अडकायची शक्यता कमी. सुटे भाग थोडे, साफ करायला सोपे. सव्वाशे वर्षं झाली तरी डोंगरातल्या मोठ्या शिकारीच्या रायफली बहुतांश याच सांगाड्यावर बनतात, ते उगाच नाही.

त्याआधी मोठ्या जनावरासाठी दुनळी रायफल असायची. दुसरा बार ताबडतोब उडायचा, हा तिचा मोठा गुण. पण दोन्ही नळ्यांचा नेम एका जागी जुळवायला कसबी कारागिराचे कित्येक दिवस जायचे, म्हणून किंमत राजेमहाराजांना परवडेल अशीच. बोल्ट रायफलीने ते काम खूप कमी पैशात केलं. १९११ साली लंडनच्या रिग्बीने मोठ्या माउझर सांगाड्यावर ४१६ बोअर काढली, १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडने ३७५. गवा, हत्ती, वाघ यांच्या शिकारीत ही दोन नावं आजही घेतली जातात.

जिम कॉर्बेटचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९०७ साली चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर त्याला बक्षीस मिळाली ती रिग्बीची २७५ बोअरची बोल्ट रायफल. हलकी, डोंगर चढताना खांद्याला जड न होणारी. पण काम त्याहून अवघड असेल तेव्हा तो जेफ्रीची ४५०/४०० दुनळी घ्यायचा. जनावर आणि रान बघून हत्यार, हा साधा नियम.

बोअर ठरवला कायद्याने

इतकं चांगलं हत्यार आलं, मग आपल्याकडे काय झालं? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्रज सरकारने हिंदुस्थानात लष्करी बोअरच्या रायफलींवर बंदी आणली. जुन्या मार्टिनी-हेन्रीचा ४५० गेला, फौजेचा ३०३ गेला. कारण उघड होतं. छावणीतून चोरलेलं काडतूस बंडखोराच्या बंदुकीत बसता कामा नये.

या एका हुकुमाने शिकारी बंदुकीचा जागतिक इतिहास वळला. इंग्लंडच्या बंदूकवाल्यांचं मोठं गिऱ्हाईक हिंदुस्थानात होतं. त्यांनी लगोलग ४६५, ४७०, ४७५ अशी नवी काडतुसं काढली. फौजेच्या बंदुकीत न बसणारी, म्हणून कायद्यात बसणारी. आफ्रिकेत हत्तीवर ४७० चालवणाऱ्या कित्येकांना हे माहीतही नसेल की त्या आकड्यामागे हिंदी माणसाची धास्ती आहे.

आपली ३१५ बोअर हे त्याच धास्तीचं अपत्य. हे काडतूस मूळचं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचं, ८ मिलिमीटर मानलिखर. हिंदुस्थानातल्या फौजेत ते नव्हतं, एवढीच त्याची इथली पात्रता. डुकराला किंवा सांबराला तेच सगळ्यात योग्य, असं कुणी तपासून ठरवलेलं नाही.

इंग्रज गेले, बोअरचा नियम राहिला. बंगालमधल्या ईशापूरच्या सरकारी कारखान्यात ली-एनफिल्डच्या धर्तीवर ३१५ ची स्पोर्टिंग रायफल बनू लागली. आणि तिची काडतुसं? ती बनवणाऱ्यांत आपला खडकीचा कारखाना आहे. १८६९ पासून चालू असलेला हा दारूगोळा कारखाना आपल्यापासून लोकलच्या अंतरावर. मावळातल्या किती घरांचा प्रपंच त्याच्या पगारावर चालला. काडतूस आपल्या माणसाच्या हातून बनायचं, आपल्या शेताच्या राखणीला मात्र मिळायचं नाही.

शेतकऱ्याच्या वाट्याला काय आलं?

हे मी रागाने म्हणत नाही. कायद्यात लिहिलंय. १९५९ चा शस्त्र कायदा १९६२ पासून लागू झाला. त्याचं कलम १३ बघा. स्वसंरक्षण किंवा शिकारीसाठी किमान वीस इंच नळीची छर्ऱ्याची बंदूक. आणि पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी? ठासणीची बंदूक. रायफल पाहिजे असेल तर सबळ कारण दाखवा.

ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू घाला, चिंधी घाला, शिसं घाला, गजाने ठासा, मग टोपी चढवा. एक बार काढल्यावर दुसरा भरायला चांगला अर्धा मिनिट जातो. धुवाधार पावसात भरता येईल याची खात्री नाही. समोर शंभर किलोचा सुळेवाला नर, ज्याच्या खांद्यावर चामड्याखाली ढालीसारखा चिवट थर असतो. अशा बाराने तो मरत नाही, जखमी होतो. जखमी डुक्कर कारवीत शिरतं आणि सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईच्या अंगावर येतं.

जुन्या शिकाऱ्यांचा बोअरविषयीचा सगळा काथ्याकूट शेवटी याच एका गोष्टीसाठी होता: जनावर जागेवर पडलं पाहिजे, जखमी होऊन निसटता कामा नये. गव्यासारखं सातशे ते हजार किलोचं धूड असेल तर ३७५ च्या खाली जाऊ नये, हा त्यांचा दंडक त्यातून आला. जखमी केलेल्याचा माग काढायची जबाबदारी ज्याने बार काढला त्याची, हा दुसरा दंडक. शेतकऱ्याला सर्वांत दुबळं हत्यार देणाऱ्या कायद्याने या दोन्ही दंडकांचा विचार केला नाही.

१९५१ च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी कायद्यात शिकारीचे हंगाम आणि परवाने होते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तरी त्यात 'मोठ्या शिकारी'चा परवाना शिल्लक होता, आणि त्या मोठ्या शिकारीच्या यादीत रानडुक्कर होतं. १९९१ च्या दुरुस्तीने ते परवाने गेले. शौकाची शिकार कायमची बंद झाली, आणि ती झाली हे बरंच झालं. वाघ आपल्या डोंगरातून केव्हाच नाहीसा झाला होता. राधानगरी-दाजीपूरचं रान कोल्हापूरच्या छत्रपतींनी शिकारीसाठी राखलं होतं, त्याचं १९५८ साली अभयारण्य झालं, म्हणून तिथे गवा टिकला. शिकाऱ्याने राखलेलं रान पुढे जनावराच्या कामी आलं, हीसुद्धा इतिहासाची एक बाजू आहे.

मग आज काय?

आज रानडुक्कर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. कलम ११ प्रमाणे माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकाला धोका असेल तर अधिकृत वन अधिकारी लेखी कारणं देऊन मारायची परवानगी देऊ शकतो. म्हणजे कागदावर वाट आहे. पण अर्ज, पंचनामा, आदेश होईपर्यंत भात कापून झालेलं असतं. परवानगी मिळालीच तर मारणार कोण, कशाने, आणि चुकलं तर जबाबदार कोण, याला उत्तर नाही.

वाट कागदावरच राहिली की माणूस आडवाट काढतो. तारेचे फास लागतात आणि त्यात बिबट्या अडकतो. कुंपणात वीज सोडली जाते आणि शेजारचाच माणूस चिकटतो. गावठी बॉम्ब पेरले जातात आणि गुराचा जबडा फाटतो. हे सगळं बंदुकीपेक्षा वाईट आहे, आणि हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत चाललंय.

म्हणून "सरसकट रायफली द्या" म्हणायचं का? माझं मत स्पष्ट आहे: नाही. आणि कारण शिकाऱ्याच्याच हिशेबातलं आहे. रायफलीची गोळी चुकली तर दोन किलोमीटरच्या आत थांबेल याचा भरवसा नाही. आजचा मावळ १९११ चा नाही. पवनेच्या काठाने तंबू लागलेत, दर दोन खाचरांपलीकडे फार्महाऊस आहे, लोहगड-विसापूरच्या वाटांवर रात्रीची ट्रेकवाली पोरं आहेत, खाली एक्स्प्रेसवे अखंड वाहतोय. गोळीमागे मातीचा उतार नसेल तर चाप ओढायचा नाही, हा शिकारीचा पहिला धडा. रात्री, धुक्यात, टॉर्चच्या उजेडात तो उतार दिसणार कुणाला?

आपल्या रानात अंतरही रायफलीचं नाही. कारवीच्या झाडोऱ्यात तीस-चाळीस पावलांपुढचं दिसत नाही. तिथे अनुभवी माणूस जवळून, माचाणावरून, खालच्या दिशेने बाराबोअर चालवेल. तीनशे मीटरवर नेम धरणारी दुर्बिणीची बोल्ट रायफल उघड्या पहाडांसाठी आहे. मोबाइलवर परदेशातल्या शिकारीचे व्हिडिओ बघून बोअर ठरवू नका.

डिसेंबर २०२० आठवतोय? पुण्यात कोथरूडला गवा शिरला होता. त्याच्याकडे मारायची बंदूक घेऊन कुणी गेलं नव्हतं, गेले ते बेशुद्धीच्या इंजेक्शनची घेऊन. पण गर्दी, आरडाओरडा आणि दमछाक यांत तो मेला. हत्यार कोणतं यापेक्षा ते कुणाच्या हातात आहे, त्याच्या मागे किती तयारी आहे आणि आजूबाजूची माणसं कशी वागतात, याने निकाल लागतो.

केरळ सरकारने २०२२ मध्ये वेगळी वाट काढली. रानडुकराबाबत आदेश द्यायचा अधिकार ग्रामपंचायतीच्या अध्यक्षापर्यंत आणला आणि बार काढायचं काम परवानाधारक माणसांकडे दिलं. ते जसंच्या तसं इथे आणा असं मी म्हणत नाही. पण निर्णय गावाजवळ आला पाहिजे आणि हत्यार थोड्या, शिकवलेल्या, नाव माहीत असलेल्या हातांतच राहिलं पाहिजे, एवढं त्यातून घेता येईल.

म्हणून येत्या ग्रामसभेत बंदुकीच्या परवान्याच्या ठरावाआधी तीन ठराव मांडा.

एक: पिकात डुक्कर आल्याच्या अर्जावर वन विभागाने किती दिवसांत निर्णय द्यायचा, त्याची मुदत ठरवा आणि ती पंचायतीच्या फळ्यावर लावा.

दोन: परवानगी मिळाली तर बार काढायला तालुक्याला प्रशिक्षित पथक द्या. त्यांनी हत्यार जागा बघून निवडावं आणि जखमी जनावराचा माग काढायची जबाबदारी त्यांचीच असावी.

तीन: एकट्या-दुकट्या शेतकऱ्याला नाही, तर सबंध शिवाराला सामाईक कुंपणासाठी मदत द्या आणि नुकसानीचे पैसे पुढच्या पेरणीआधी खात्यावर जमा करा.

दीडशे वर्षं मावळच्या माणसाला विचारलं गेलं नाही. त्याच्या हातात काय द्यायचं ते कलकत्त्यात ठरलं, लंडनमध्ये ठरलं, दिल्लीत ठरलं. पूर्वी पिकाची राखण गाव मिळून करायचं आणि हाका कुठून लावायचा ते गावच ठरवायचं. आज पुन्हा गावाने बोलायची वेळ आली आहे. तेव्हा कुठला बोअर चांगला यावर रात्र घालवू नका. ग्रामसभेची तारीख विचारून घ्या आणि चार माणसं सोबत घेऊन जा.